रिव्हर्सच्या गल्लीत कॅम्परव्हॅन

मास्तरांना गाडीतलं सगळं कळतं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते मास्तरांनीच सगळ्यांना सांगितलं होतं. बावीस वर्षं त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल चालू होतं. अर्ध्या गावाला त्यांनी क्लच सोडायला शिकवलं आणि उरलेल्या अर्ध्याला रस्त्यातून पटकन बाजूला व्हायला.

या बावीस वर्षांत पृथ्वीला सात प्रदक्षिणा होतील एवढं अंतर त्यांनी कापलं होतं, आणि ते सगळं बस स्टँड, पाण्याची टाकी, शाळा आणि परत बस स्टँड एवढ्यातच. तेही ताशी वीस किलोमीटरने, शेजारच्या सीटवर बसून. तिथल्या जादा ब्रेकवर पाय, तोंडाला मात्र ब्रेक नाही. घाण्याच्या बैलाला निदान डोळ्यांवर झापडं असतात. मास्तरांना ती टाकी रोज उघड्या डोळ्यांनी बघावी लागे.

तर पन्नाशीच्या उंबरठ्यावर मास्तरांनी एका रविवारी जेवताना जाहीर केलं, की आपण कॅम्परव्हॅन घेणार. म्हणजे आत पलंग, शेगडी आणि हात धुवायला बेसिन असलेली गाडी. शनिवारी सकाळी निघायचं, आवडेल तिथे थांबायचं, रविवारी परत. नवी घ्यायची तर राहतं घर विकावं लागेल आणि मग तिच्यातच राहावं लागेल, म्हणून जुनी, परवडेल अशी. जुनी गाडी घेताना लोक फसतात, ते म्हणाले, पण आपण फसणार नाही. गाडी आपल्याशी खोटं बोलूच शकत नाही.

बायको जेवत होती. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. दिवसभर तिच्या तोंडून तीनच हुकूम निघत. श्वास घ्या, रोखा, सोडा. आणि माणसं मुकाट ऐकत. मास्तर दिवसभर तीन हजार हुकूम सोडत आणि कुणी एक ऐकत नसे.

तिने घास संपवला आणि दोन अटी सांगितल्या. पहिली, तिची स्कूटर बरोबर न्यायची, म्हणजे मास्तरांचा आरडाओरडा सुरू झाला की तिला आपली आपण घरी येता येईल. थोडक्यात, गाडी नुसती झोपायच्या सोयीची नको, मागे स्कूटरचा ट्रेलर ओढणारी हवी. दुसरी, गाडी घेण्याआधी चाचणीला ती स्वतः येणार, आणि चाचणीत मास्तर एकदा जरी ओरडले तरी गाडी नाही. पुन्हा विषयही नाही.

"दोन दिवस एका डब्यात तुमच्याबरोबर राहायचंय," ती म्हणाली. "आवाज किती येतो ते आधी बघू. इंजिनाचा नाही. तुमचा."

मास्तरांनी छाती पुढे काढून कबूल केलं. माणसाची छाती कधी पुढे येते ते बघून ठेवावं. त्यानंतर तासाभरात तो तोंडावर पडतो.

शोध सुरू झाला. जुन्या गाडीची जाहिरात लिहिणारा माणूस कादंबरीकाराच्या वरचा असतो. कादंबरीकार निदान आपण खोटं लिहितोय हे कबूल करतो. पहिली गाडी 'एकाच कुटुंबाने जपून वापरलेली' होती. मास्तरांनी खिशातून लोहचुंबक काढून पत्र्यावर लावलं, ते सरकन खाली पडलं. दुसरीकडे लावलं, तिथूनही पडलं. गाडीत पत्रा कमी आणि खड्डे बुजवायची पुट्टी जास्त होती. कुटुंबही खरंच एक होतं, पण कोंबड्यांचं. दुसऱ्या गाडीच्या छताच्या खिडकीतून पाणी मुरून पलंगाखालची फळी बिस्किटासारखी मऊ झाली होती. विकणारा म्हणाला, ओल नाही, गारवा आहे. मास्तरांनी फळीत बोट घातलं, ते आरपार गेलं.

तिसरी मात्र मनासारखी भेटली. दातांचे एक निवृत्त डॉक्टर विकत होते. चुंबक घट्ट बसलं, गाडीच्या तळावरचं रबर उचललं तर खाली गंज नाही, शेगडीची नळी नवी, पलंग मास्तरांच्या उंचीपेक्षा चार बोटं लांब, मागचा हूक भक्कम आणि कागदपत्रांत गाडी किती वजन ओढू शकते तेही लिहिलेलं. वर डॉक्टर आपला छोटा ट्रेलरही देत होते. मास्तरांनी एकूण एक्केचाळीस गोष्टी तपासल्या. बेचाळिसावी राहिली.

चाचणीच्या दिवशी दुपारी स्कूटर ट्रेलरवर चढवून पट्ट्यांनी आवळली. डॉक्टर मागे पलंगावर बसले. मास्तर झोकात गाडीकडे गेले, दार उघडलं, बसले, आणि म्हणाले, "चला, स्टार्ट करा."

कुणीच स्टार्ट केली नाही. मास्तर सवयीने शेजारच्या सीटवर बसले होते. बायको बाहेरच उभी होती. डॉक्टरांनी मागून अदबीने विचारलं, की चालवणार कोण?

खरं सांगायचं तर मास्तरांनी स्वतः गाडी चालवल्याला बरीच वर्षं लोटली होती. संध्याकाळी त्यांना घरी सोडण्याचं कामसुद्धा शेवटचा विद्यार्थी धडा म्हणून करायचा. पण पोहणं कुणी विसरतं का? मास्तर स्टिअरिंगवर गेले, बायको त्यांच्या जागी बसली, गाडी निघाली. आणि काय निघाली! लोण्यातून सुरी. मागे ट्रेलर शहाण्यासारखा येत होता. मास्तरांनी बस स्टँड ओलांडला, टाकी ओलांडली, शाळा ओलांडली. एका सायकलवाल्याने सायकल आडवी घातली तेव्हा मास्तरांच्या गळ्यापर्यंत काहीतरी आलं, पण त्यांनी ते गिळलं आणि सायकलवाल्याला हात जोडले. बायकोने भुवई वर केली. तिच्या भुवईतलं मार्कांचं पुस्तक मास्तरांना वाचता येत होतं. आपण पास होतोय.

इथेच घरी वळायचं होतं. पण पास होणाऱ्याला पहिला नंबर हवा असतो.

बर्फाच्या कारखान्यामागे एक बोळ आहे. तिला रिव्हर्सची गल्ली म्हणतात. ती कारखान्याच्या भिंतीशी संपते, रुंदी बेताची, दोन्ही बाजूंना घरांच्या पायऱ्या. गावातल्या प्रत्येक शिकाऊ ड्रायव्हरला मास्तर तिथे नेत, भिंतीपर्यंत सरळ घालत आणि उलटा बाहेर काढत. गल्लीतले लोक संध्याकाळी खुर्च्या टाकून ती मजा बघत.

"आता रिव्हर्स बघ," मास्तर बायकोला म्हणाले आणि कॅम्परव्हॅन ट्रेलरसकट गल्लीत घातली. भिंतीपाशी थांबले. रिव्हर्स टाकला. मान वळवली. ट्रेलर डावीकडे न्यायचा होता म्हणून स्टिअरिंग डावीकडे फिरवलं.

ट्रेलर उजवीकडे गेला.

मास्तरांना वाटलं, चाकाखाली खडा आला असेल. पुढे घेतली, पुन्हा डावीकडे फिरवलं. ट्रेलर पुन्हा उजवीकडे, आणि आता जास्त आत्मविश्वासाने. तिसऱ्यांदा तर तो इतका वळला की आरशात मास्तरांना स्कूटरचा दिवा आपल्याकडे रोखून बघताना दिसला. गाडीमागे जोडलेली वस्तू रिव्हर्समध्ये उलट्या बाजूने पळते, ही ती बेचाळिसावी गोष्ट. मास्तरांनी जन्मात मागे काही जोडलं नव्हतं.

वीस मिनिटं गेली. गल्लीत खुर्च्या निघाल्या. सलूनवाला अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला घेऊन बाहेर आला. दोघेही मास्तरांचे विद्यार्थी. बेकरीवाली पायरीवर येऊन उभी राहिली, तीही विद्यार्थिनी. सलूनवाल्याने आदराने सुचवलं, की मास्तर, घाई नको, क्लच अर्धा. बेकरीवाली म्हणाली, गाडी हाताने नाही, डोक्याने चालवायची असते. सगळी मास्तरांचीच वाक्यं. बावीस वर्षं उधळलेली अक्कल एका दुपारी व्याजासकट परत येत होती, आणि ओरडायची सोय नव्हती. मास्तरांचे कान लाल झाले. शिट्टी अडकलेल्या कुकरसारखं त्यांच्या नाकातून सूं सूं वाजू लागलं. डॉक्टर मागून हळूच म्हणाले, "दुखलं तर हात वर करा."

बायकोने सांगून बघितलं, की ट्रेलर सोडवा, चार माणसं हाताने ढकलतील. सलूनवाल्याने तर बाह्या सरसावल्या. मास्तरांनी नकार दिला. ही गल्ली आपली आहे, इथून आपण ढकलत बाहेर जाणार नाही, असं ते अतिशय हळू आवाजात, दात न उघडता म्हणाले. मूर्ख माणूस बुडताना आधी दोर नाकारतो. मास्तर मूर्ख नव्हते, फक्त मास्तर होते. परिणाम तोच.

सातव्यांदा त्यांनी रिव्हर्स टाकला. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरून मास्तरांचाच आवाज आला.

"आरसा बघ, गाढवा!"

वरच्या गॅलरीत पिंजरा होता. पिंजऱ्यात पोपट होता. बिचाऱ्याने जन्मापासून दुसरी भाषाच ऐकली नव्हती.

"मान वळव! आंधळा आहेस का?"

"तू गप रे, हिरव्या!" मास्तर गरजले. "तुझ्या बापाला येतं का रिव्हर्स?"

बावीस वर्षांचा कमावलेला गळा. कारखान्याच्या भिंतीवर आपटून आवाज तीनदा परत आला. पोपटाने मान पिसांत खुपसली. बायको दार उघडून खाली उतरली.

मास्तरांना आरशात सगळं दिसलं. ती ट्रेलरपाशी गेली. तिने स्कूटरच्या पट्ट्याला हात घातला. आता ती पट्टा सोडणार, किक मारणार आणि जाणार. कॅम्परव्हॅन गेली. शनिवार गेले. उरलेल्या आयुष्यात पाण्याची टाकी.

बायकोने पट्टा आणखी घट्ट आवळला आणि ती ड्रायव्हरच्या दाराशी आली.

"उतरा."

मास्तरांनी लायसन्सचं विचारलं. तिने पर्समधून काढून दाखवलं. नऊ वर्षांपूर्वीचं! चौकातल्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमधून घेतलेलं, ज्याचं नाव घरात घ्यायची बंदी होती. त्याआधी लग्नानंतर लगेच मास्तरांनी तिला अकरा दिवस शिकवलं होतं, याच गल्लीत. रिव्हर्समध्ये ती हटकून उलटं स्टिअरिंग फिरवायची. डावीकडे म्हटलं की उजवीकडे. बाराव्या दिवशी मास्तर ओरडले होते, की तुझं डोकंच उलटं बसवलंय. ती उतरून चालत घरी गेली आणि तिने स्कूटर घेतली. स्कूटरला रिव्हर्स नसतो.

आता ती बसली. मास्तर शेजारी बसले. तिने रिव्हर्स टाकला आणि आपल्या जुन्या सवयीने उलटं स्टिअरिंग फिरवलं. मास्तरांचं तोंड उघडलं.

"श्वास रोखा," ती म्हणाली. "हलू नका."

मास्तरांनी रोखला. ट्रेलर डावीकडे वळला. मग सरळ झाला. मग सुईत दोरा ओवावा तशी ती लांबलचक वरात दोन्हीकडच्या पायऱ्या चुकवत, सलून मागे टाकत, बेकरी मागे टाकत गल्लीतून उलटी निघाली. ज्या चुकीसाठी माणसाने बायकोला अडाणी ठरवलं, त्याच चुकीवर एक अख्खी गाडी बाहेर आली. मोठ्या रस्त्यावर आल्यावर गल्लीने टाळ्या वाजवल्या. बायकोने इंजिन बंद केलं, तेव्हा मास्तर निळे पडले होते. सोडा म्हणायचं ती विसरली होती.

श्वास आल्यावर मास्तरांनी स्वतःच कबुली दिली, की आपण ओरडलो, अट मोडली. बायको म्हणाली, ओरडलात खरं, पण माझ्यावर नाही, पोपटावर, आणि चूक पोपटाची नव्हती. मग थोडा विचार करून तिने निकाल दिला. गाडी घ्यायची. चालवणार ती. आणि गाडी चालू असताना मास्तरांनी एक अक्षर बोलायचं नाही.

डॉक्टरांनी घाईघाईने किल्ली तिच्याच हातात दिली.

पहिल्या शनिवारी तलावावर जायचं ठरलं. दोन तासांचा रस्ता. मास्तर मांडीवर हात ठेवून बसले. तलावाची पाटी आली, डावीकडे बाण. बायको सरळ गेली. मास्तरांनी पाटीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि ओठ आत ओढून घेतले. काही वेळाने 'तलाव मागे' अशी पाटी आली. मास्तरांनी तीही वाचली. मग एक पूल आला, घाट आला, भलताच प्रदेश आला. दोन तास ते एका कपाटासारखे बसून होते.

शेवटी रस्ताच संपला. एका अरुंद वाटेच्या टोकाला सिमेंटचे मोठे मोठे पाइप रचून ठेवले होते. बायकोने इंजिन बंद करून विचारलं, तलाव कुठे आहे.

"मागे राहिला," मास्तर म्हणाले. "दोन तास झाले."

"मग सांगितलं का नाहीत?"

"अट होती."

बायको स्टिअरिंगवर डोकं टेकवून अशी हसत सुटली की हॉर्न वाजू लागला आणि पाइपांतून पारवे उडाले. मास्तरांनी शेगडी पेटवली, चहा केला. पाइपांकडे बघत दोघं बाहेर उभ्याने चहा प्यायली. मास्तरांना ते पाइप फार आवडले. कधी पाहिले नव्हते.

"पण इथे गाडी वळवायला जागा नाही," ते म्हणाले. "आता तलावावर जायचं कसं?"

"त्यात काय," बायको म्हणाली. "रिव्हर्समध्येच जाऊ."

मास्तर हसले. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, अर्धा कप तसाच ठेवला, आणि आत जाऊन मुकाट्याने सीटचा पट्टा लावला.