कोटाने घेतलेल्या गोळ्या

या बाबांनो, मायबाईंनो, अशा जवळ सरका. एका शिंप्याची गोष्ट सांगतो. हसा पोटभर, पण ऐका मन लावून.

या शिंपीबुवांचा थोरला भाऊ हृदयविकाराने गेला. मशीनवर बसल्या बसल्या मान टाकली. पुढे बुवांच्या रक्तातही चरबी वाढलेली निघाली, तेव्हा त्यांच्या बायकोने हायच खाल्ली. डॉक्टरांनी रोज एक गुलाबी गोळी दिली. जेवण झालं की बाई गोळी हातावर ठेवायच्या, पाण्याचा पेला पुढे धरायच्या आणि देवाला हात जोडायच्या.

वर्षभराने रक्ताचा रिपोर्ट चांगला आला आणि बुवांना शहाणपण सुचलं. "दुखत नाही, खुपत नाही, मग गोळी कशाला? उलट तिच्यानेच माझे गुडघे धरलेत!" तीस वर्षं पायमशीन हाणल्याने धरले असतील, असं काही त्यांना वाटलं नाही.

बायकोला सांगायची मात्र छाती नव्हती. गोळी मुठीत दाबायची, रिकामा हात तोंडाला लावायचा, पाणी प्यायचं आणि पुढच्या खोलीतल्या दुकानात सटकायचं. पण टाकणार कुठे? केर बाईच काढायच्या. आणि हा माणूस तर दोऱ्याचा तुकडाही न फेकणारा! तेवढ्यात डॉक्टरांचाच, पुतणीच्या लग्नात घालायचा पांढरा कोट शिवायला आला. पातळ कापड नीट पडावं म्हणून शिंपी कोटाच्या खालच्या दुमडीत थोडं वजन घालतात. बुवांनी रोजची गोळी तिथे घातली. कोट दोन महिने रखडला, पण पडला असा झकास की डॉक्टर आरशापुढून हलेनात.

त्या लग्नात कुणीतरी डॉक्टरांवर पाण्याचा जग सांडला. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी ओघळांचा कोट घेऊन दुकानात हजर.

"बुवा, माझा कोट गोळ्या घेतो, अगदी नियमित! अठ्ठावन्न सापडल्या. तुम्ही किती घेतल्या?"

बुवा टेपशी चाळा करत राहिले.

"अहो, रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळेच. दुखत नाही म्हणून सोडायची नसते. गुडघ्यांचं होतं, तर मला विचारायचं!"

बाई दारात उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. "दोन महिने मी निर्धास्त झोपले हो," एवढंच म्हणाल्या. बुवांना ते कात्रीपेक्षा लागलं.

"चुकलो गं," ते पुटपुटले.

डोळे पुसून बाईंनी डॉक्टरांचा मापाला ठेवलेला जुना कोट काढला. "तोवर हा घाला." झटकला, तशी खिशातून पाकिटं पडली. गुलाबीच गोळ्या. एकही पाकीट न फोडलेलं.

"या कुणाच्या हो, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टरांनी घसा खाकरला. "माझ्याच. म्हणजे... काही दुखत नव्हतं ना, वहिनी!"

बुवांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. आता ही तुम्हाला पण बोलून घेईल."

आता रोज जेवणानंतर डॉक्टरांच्या घरी बाईंचा फोन वाजतो. "भावजी, गिळली? थांबा, आमच्या ह्यांचं तोंड उघडून बघते." गिळल्यावर दोघांनी जीभ दाखवायची, बुवांनी बाईंना, डॉक्टरांनी आपल्या बायकोला.

तुमच्याही घरी कुणी पाण्याचा पेला धरून उभं असेल. मूठ झाकण्याआधी, बाबांनो, त्या शिंपीणबाईंची आठवण काढा.