चार कप्पे, चार झडपा

विज्ञानाच्या बाईंचा आवाज सोमवारी दुसऱ्या तासाला बसला, आणि तोही वर्गाला "गप्प बसा" म्हणता म्हणता. "गप्प" एवढं नीट निघालं, पुढे नुसती हवा. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारली, मान हलवली आणि सांगितलं, "निदान गुरुवारपर्यंत एक शब्द बोलायचा नाही."

आता नेमकी गुरुवारीच समिती येणार होती! सहा वर्षं बाई हंगामी म्हणून राबत होत्या. दर वर्षी नवा अर्ज, नवा फोटो, आणि फोटोत डोळ्यांखालचं काळं गेल्या वर्षीपेक्षा थोडं जास्त. गुरुवारी समितीसमोर एक पाठ घ्यायचा. पसंत पडला तर नोकरी कायम, नाही पडला तर घरी. पाठ होता हृदयाचा. आवाज नाही, तर निदान मोठं लाकडी मॉडेल तरी हवं, म्हणून बाईंनी मंगळवारी सकाळी एक चिठ्ठी लिहून नवऱ्याच्या खिशात कोंबली आणि खुणेनं सांगितलं, सुताराला फोन कर.

नवरा तक्रार खिडकीवर बसायचा. सकाळपासून लोकांच्या लेखी तक्रारी घ्यायच्या, मोठ्यानं वाचायच्या आणि "बघतो" म्हणायचं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याची अशी अवस्था व्हायची, की वाचलेलं डोळ्यांतून थेट तोंडात यायचं, डोक्यात शिरायचंच नाही. त्याच अवस्थेत त्यानं मिस्त्रींना फोन लावला.

"मिस्त्री, लिहून घ्या. मॉडेल. चार कप्पे. वरचे दोन लहान, खालचे दोन मोठे."

"कुठलं मॉडेल, दादा? जुनं का नवीन?"

"नवीनच असणार. झडपा चार. एकाच दिशेला उघडणाऱ्या. वरच्या कप्प्यातलं खाली गेलं पाहिजे, परत वर येता कामा नये."

मिस्त्रींनी पेन्सिल कानामागे खोचली. "वरून टाकायचं, खाली पडणार?"

"इथे तसंच लिहिलंय. मधे उभी भिंत. अशुद्ध उजवीकडे, शुद्ध डावीकडे, दोन्ही कुठेही मिसळता कामा नये."

"हां हां हां!" मिस्त्रींच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. "मळके कपडे एकीकडे, धुतलेले एकीकडे! वहिनींचं डोकं चालतं हो."

"बघतो," नवरा सवयीनं म्हणाला. "डावीकडची भिंत जाड."

"बरोबर, धुतलेल्याला ओल लागायला नको."

"आणि खाली रेघ मारून लिहिलंय, समोरून बघणाऱ्याच्या उजव्या हाताला डावी बाजू आली पाहिजे."

आता मात्र मिस्त्रींनी आवाज खाली आणला. "दादा, वहिनींची तब्येत बरी आहे ना?"

"आवाज बसलाय."

"आवाजच ना फक्त?"

बुधवारी संध्याकाळी टेम्पो दारात आला आणि त्यातून बाईंच्या उंचीचं एक कपाट उतरलं. काम सुरेख! वर दोन कप्पे, खाली दोन, कप्प्यांना दारं, दारांना पितळी मुठी, आणि मधल्या झडपा अशा की रुमाल टाकला की सुळकन खाली आणि झडप पुन्हा बंद. बाईंनी कपाटाकडे बघितलं. नवऱ्याकडे बघितलं. मग पाटी घेऊन तिच्यावर एकच शब्द लिहिला, पाटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत: हृदय.

"अगं, मग चिठ्ठीत कुठे लिहिलंस हृदय?"

बाईंनी त्याच्या खिशातून चिठ्ठी ओढली. पुढून वाचली, मागून वाचली. चिठ्ठीत झडपा होत्या, भिंती होत्या, शुद्ध होतं, अशुद्ध होतं. हृदय नव्हतं. आठ दिवस त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच, त्यामुळे ते लिहायचं असतं हेच सुचलं नव्हतं. त्या कपाटाला पाठ टेकून खाली बसल्या. रडण्याइतकं त्राणही नव्हतं.

मिस्त्री बिचारे ओशाळले. "वहिनी, कापून काही करू का? कोपरे गोल करतो. लाल रंग मारतो."

बाईंनी पाटी पुसली. बराच वेळ नुसत्या झडपेत बोट घालून ती वर-खाली करत राहिल्या. मग लिहिलं: उद्या दुपारी दोनला हेच घेऊन शाळेत या.

गुरुवारी समिती आली. तीन माणसं, सकाळपासूनची चौथी शाळा, तिघांचेही डोळे मिटायला आलेले. समितीचे मोठे साहेब खुर्चीत बसले ते घड्याळ बघतच. वर्गात फळ्यापुढे कपाट बघून ते म्हणाले, "हे बाजूला करा आणि पाठ सुरू करा."

बाईंच्या घशातून खरखर आली, "हाच पाठ."

तेवढंच. मग त्यांनी निळं फडकं घेतलं, कपाटाच्या उजव्या वरच्या कप्प्यात टाकलं आणि झडपेवर थाप मारली. फडकं खाली. खालचं दार उघडून बाहेर काढलं, खिडकीत नेऊन वाऱ्यावर झटकलं, म्हणजे हे फुप्फुस, आणि तिथे निळं ठेवून लाल फडकं उचललं. लाल आलं डावीकडे, वरून खाली, आणि तिथून वर्गभर हातोहात फिरायला निघालं. एका बाजूनं मिस्त्री आणि दुसऱ्या बाजूनं रजा काढून आलेला नवरा कपाट धरून उभे होते, मिस्त्रींचं तोंड उघडं. बाई एक शब्द बोलत नाहीत म्हटल्यावर मुलंच ओरडायला लागली, "फुप्फुस! आता डावीकडे! झडप बंद!" एकानं लाल फडकं उलटं वर ढकलून बघितलं, जाईना.

"परत का जात नाही?" साहेबांनी विचारलं. घड्याळ त्यांनी कधीच सोडलं होतं.

"झडप एकाच दिशेला उघडते, सर!"

"आणि ही भिंत जाड कशाला?"

"डावीकडून अख्ख्या शरीराला रक्त ढकलायचं असतं, सर! जोर लागतो!"

साहेब उठले, कपाटापाशी गेले आणि त्यांनी जाड भिंतीकडे बोट दाखवलं. "पण ही तर उजवी बाजू."

"तुमची उजवी, सर," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. "ते आपल्याकडे तोंड करून उभंय ना."

साहेबांनी कपाटाकडे पाठ केली, आपला हात छातीवर ठेवला, डावं-उजवं पडताळलं आणि मान हलवली. जाताना बाईंना म्हणाले, "पाठ उत्तम. आदेशावर सोमवारी सही करतो." मग नवऱ्याला दाराबाहेर कोपऱ्यात घेऊन हळूच, "हे कपाट कपड्यांना चालेल का हो? घरी मळके कपडे खुर्चीवर पडलेले असतात. वीस वर्षं त्यावरून ऐकतोय."

नवऱ्यानं तिथूनच मिस्त्रींना हाक मारली. "मिस्त्री, बाईंना जे हवं होतं तेच साहेबांच्या घरी द्यायचं. रविवारपर्यंत."

"दादा, आता सांगूच नका काही," मिस्त्री छाती पुढे काढून म्हणाले. "अख्खा पाठ ऐकलाय मी. या वेळी चूक होणार नाही."

आणि नाहीच झाली! रविवारी साहेबांच्या घरात चार माणसांनी धरून आणलेलं, पाच फुटी, लाल पॉलिश केलेलं, वर महाधमनीची कमान असलेलं अस्सल लाकडी हृदय उतरलं.

हे मिस्त्रींनीच मोठ्या अभिमानानं बाईंच्या घरी येऊन सांगितलं. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. बाई एवढंच म्हणाल्या, "गेली सही."

सोमवारी आदेश आला नाही. मंगळवारी नाही. बाईंनी पुढच्या हंगामी अर्जासाठी फोटो काढून घेतला. बुधवारी संध्याकाळी साहेबांचा फोन आला, तेव्हा बाई उभ्याच राहिल्या, आणि दोघं नवरा-बायको एकाच फोनला कान लावून.

"बाई, ते हृदय," साहेब अगदी दबक्या आवाजात बोलत होते. "हिला वाटलं, मी मुद्दाम हिच्यासाठी करून घेतलं. लग्नाला वीस वर्षं झाली, तेव्हापासून तुम्ही मला काहीच दिलं नाहीत म्हणायची. सोमवारपासून रजा काढायला लावलीये, सगळ्या पाहुण्यांना बोलावून मला त्याच्या शेजारी उभं करते. म्हणून उशीर झाला. सही आज सकाळी घरीच फाइल मागवून केली. तुम्ही कायम झालात."

बाईंनी अर्जाचा नवा फोटो टेबलावर पालथा घातला.

"फक्त एक करा. मी कपाट मागवलं होतं, हे हिच्या कानावर जाता कामा नये."

"नाही जाणार, साहेब," बाई म्हणाल्या. "पण मग कपड्यांचं काय केलंत?"

"खुर्चीवरच आहेत," साहेब म्हणाले. "पण आता ती त्यांची घडी घालते."