दोन नौकांची मसलत आणि मातोश्रींची जलस्वारी

श्रीगजाननाचे आणि खाडीच्या शांत पाण्याचे स्मरण करून लिहिले ऐसीजे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस खाडीकाठच्या राज्याचे धनी श्रीमंत मुकुंदराव यांचे मनात आले की, घरची सर्व मंडळी घेऊन जलविहारास जावे, आणि त्याकरितां यंत्रावर चालणारी एक नौका पदरी बाळगावी. यात मुख्य हेतू मातोश्री गोदूबाईसाहेबांचा. त्यांचे माहेर पैलतीरी, परंतु गुडघे धरल्यापासून फेरीबोटीची शिडी चढवेना, यास्तव अकरा वर्षे त्यांनी माहेरचा घाट पाहिला नव्हता.

मग धक्क्यावर दोन नौका पाहावयास आल्या. एक तांबडी, निमुळती, दीडशे घोड्यांची. दुसरी पांढरी, रुंद बुडाची, वर कापडी छत, साठ घोड्यांची. तेव्हां पागेचे सरदार हैबतराव, ज्यांच्या सात पिढ्या तबेल्यात गेल्या, त्यांनी यंत्राभोवती दोन फेऱ्या मारिल्या आणि हरभऱ्याचा तोबरा पुढे करून पुसिले, "घोडे दिसत नाहीत ते?" नौका घेऊन आलेला नाखवा बोलिला, "सरदार, घोडे म्हणजे यंत्राचा जोर." त्यावर हैबतराव म्हणाले, "जोर असो की घोडे, साठांवर निघणे आमच्या पागेस शोभत नाही. शेजारचे राजे हसतील!" श्रीमंतांस तेच हवे होते. आणि खोटे कशास लिहावे, या लिहिणारासही तांबडीच भावली होती.

मग तांबडीतून फेरी जाहली. श्रीमंत स्वतः सुकाणूस बसले आणि नौका ऐसी उधळली की हैबतरावांचे पागोटे खाडीत गेले, आणि मातोश्री दोन्ही हातांनी कठडा धरून, डोळे मिटून राहिल्या. धक्क्यास लागल्यावर श्रीमंतांनी पुसिले, "आईसाहेब, कशी वाटली?" त्या वदल्या, "बरी आहे हो." श्रीमंत संतोष पावले आणि हीच ठेवा म्हणोन आज्ञा करणार, तोच राणीसाहेब सुलभाबाई पुढे जाहल्या आणि म्हणाल्या, "अहो, वीस वर्षं मी या घरात आहे. आईसाहेबांचं 'बरी' म्हणजे 'नको'. ही घेतलीत तर पुढच्या खेपेस त्या म्हणतील, तुम्ही जाऊन या, मला घरी काम आहे." श्रीमंतांनी मातोश्रींकडे पाहिले. त्या पदर सारखा करीत होत्या. आपल्याच आईचे बोलणे आपणांस कळले नाही, याचे श्रीमंतांस फार वाईट वाटले.

मग पांढरी निघाली. तिची फळी धक्क्याशी सपाट लागे, त्यामुळे मातोश्री सुनेचा हात धरून सहज आत गेल्या आणि छताखाली पाय सैल सोडून बसल्या. नौका संथ चालली आणि चहा जाहला, आणि कपातला थेंबही सांडला नाही. मग माहेरचा घाट आला. घाटावर बायका धुणे धूत होत्या, परंतु मातोश्रींस कोणी ओळखिले नाही. श्रीमंतांनी पुसिले, "आईसाहेब, उतरायचं ना?" त्या म्हणाल्या, "नको. ओळखीचं कोण राहिलंय आता? पाहिलं, मन भरलं." सर्वांस वाटले, स्वारी आता परतणार. परंतु मातोश्री खाडीच्या वळणाकडे पाहात राहिल्या आणि हळूच बोलिल्या, "मुकुंदा, जन्मात मी इथपर्यंतच आले रे. पुढे काय आहे?" श्रीमंतांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी नौका पुढे घातली.

एकूण हकिकत इतकी की, पांढरी नौका सरकारात दाखल जाहली. वळणापलीकडे आणखी एक वळण होते. मातोश्रींच्या हुकुमाने तेही पाहिले.