संकर चालू आहे

गवत उगवायला काही अक्कल लागत नाही, असं ज्याला वाटतं त्यानं ते एकदा सावलीत उगवून दाखवावं! मी दाखवणार होतो. म्हणजे तसं मी भर सभेत बोलून बसलो होतो.

कर्वेनगरात आमची सोसायटी उभी आहे तिथे पूर्वी आमचं शेत होतं. जमीन बिल्डरकडे गेली, आम्हाला वरचा फ्लॅट मिळाला आणि सगळ्या शेतातला मातीचा एकच तुकडा उरला, दोन इमारतींच्या मधोमध. तिथे ऊन म्हणून येत नाही. भर वैशाखातही सूर्य वरून जरा डोकावतो आणि चुकीच्या घरात शिरलेल्या पाहुण्यासारखा ओशाळून परत जातो. सोसायटीनं तिथे कितीदा तरी लॉन लावलं. दर वेळी महिन्याभरात त्याची दशा माझ्या डोक्यासारखी, कडेला चार केस आणि मधे मैदान!

पण रोज सकाळी मी तिथे अनवाणी उभा राहतो. बाकी सगळीकडे फरशी आणि डांबर. पायाला माती लागेल अशी तेवढीच जागा आता मला उरली आहे. आणि नेमकी तीच जागा आमच्या सेक्रेटरीच्या, यज्ञेश्वररावांच्या डोळ्यांत भरली.

"गवत येतच नाही तर सरळ ब्लॉक बसवू," ते सभेत म्हणाले. "गाड्या तरी उभ्या राहतील."

मी उठलो.

"सावलीत वाढणारं गवत मी तयार करतो!"

"तयार करता? म्हणजे गवत काय लोणचं आहे, आबा?"

"दिवाळीपर्यंत दाखवतो."

"येत्या दिवाळीपर्यंत," यज्ञेश्वरराव म्हणाले. फार हुशार माणूस. कुठली दिवाळी ते मी मुद्दाम मोघम ठेवलं होतं.

घरी आल्यावर सरुबाईनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, कपाळाला हात लावला. "अवो, जल्मभर हरळी उपटून उपटून कंबर मोडली आपली. रानात एक काडी ठिवली न्हाई. आन् आता तुमी गवात वाढवनार?"

"वाढवणार नाही, नवीन जातीचं काढणार!"

"जुन्या जातीनं काय घोडं मारलं हाय?"

मी चपला घातल्या आणि तडक कादरभाईंकडे गेलो. कादरभाईंची रोपवाटिका आहे आणि माझी-त्यांची ओळख मी शेतकरी होतो तेव्हापासूनची. माझा बेत ऐकून त्यांच्या हातातली झारी वाहतच राहिली.

"आबा, असं वाण काढण्यात शास्त्रज्ञांचं अर्धं आयुष्य जातं."

"माझ्याकडे अर्धं नाही. जे उरलंय त्यात बसवा."

शेवटी त्यांनी युक्ती सांगितली. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे, जिथे दिवसाही बॅटरी लागते, तिथे एक राठ, रुंद पानांचं गवत माजलं होतं. ते नवरा. कादरभाईंकडचं मऊ, नाजूक लॉन ही नवरी, मात्र सावली दिसली की हिला चक्कर यायची. दोघांना शेजारी लावायचं, तुरे आले की दोघांचे तुरे एकाच कागदी पिशवीत बांधायचे, म्हणजे परागकण आतल्या आत एकमेकांना लागतात आणि बाहेरचा कोणी मधे येत नाही. जे बी धरेल त्यातलं एखादं तरी बापाची काटकता आणि आईचं रूप घेऊन यावं, अशी आशा. उलटं झालं तर आमचं नशीब!

श्रावणात तुरे आले. मी मातीच्या त्या तुकड्यावर जोड्या लावून पिशव्या बांधल्या. लांबून पाहिलं तर टोप्या घातलेली बुटकी माणसं सभेला बसल्यासारखी वाटत. येणारा-जाणारा पिशवी उघडून बघे. कोणी विचारी, "आबा, आत काय आहे?" मी म्हणे, "लग्न!" माणूस घाईनं निघून जाई.

असं चाललं असतं तर सगळ्या पिशव्या फुटल्या असत्या. म्हणून मी पाटी लावायचं ठरवलं. अक्षरं मला म्हातारपणी आली, साक्षरतेच्या वर्गात, त्यामुळे लिहिताना मी फार जपतो. बियाण्याच्या पोत्यावर 'संकरित' छापलेलं असतं, ते समोर ठेवलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं: 'संकर चालू आहे. हात लावू नये.' एक चूक नाही! पाटी ठोकली आणि निर्धास्त झोपलो.

सकाळी पाहतो तर 'स'वर तांबडी काट मारून वर सुबक 'श' काढलेला. 'चालू' हा शब्द तर पार खोडलेला. पाटी म्हणत होती: 'शंकर आहे. हात लावू नये.'

एवढं सुंदर अक्षर सोसायटीत एकाच व्यक्तीचं. प्रेमलाताई! आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेल्या. लिफ्टमधली सूचना, वाण्याची पाटी, कोणाची लग्नपत्रिका, त्यांच्या तांबड्या पेनातून काही सुटत नाही.

"ताई, पाटी..."

"हो, मीच सुधारली. वाईट वाटून घेऊ नका, आबा. उशिरा शिकलेल्यांचा स-श चा घोळ होतोच."

"पण मला 'संकर'च..."

"बोलताना चालेल. लिहिताना नाही."

"आणि 'चालू' का खोडलंत?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "देवाला चालू म्हणतात का?"

मी तोंड उघडलं, पण त्या "आभार नकोत" म्हणून गेल्यासुद्धा.

मी नवी पाटी करायला घरी गेलो. परत येईपर्यंत उशीर झाला होता, कारण तो नेमका श्रावणी सोमवार! बायका तांबे घेऊन उभ्या. पिशव्यांवर बेलाची पानं. एक बाई तर माझ्या सगळ्यात होतकरू जोडीवर दुधाची धार धरत होती!

"अहो, थांबा! पिशवी भिजेल!"

"भिजू दे की. भोळा आहे तो."

"तो भोळा असेल, पण आत गवत आहे!"

"सगळ्यातच आहे तो, आबा," बाई हात जोडून म्हणाली.

मी रडकुंडीला आलो. तेवढ्यात फाटकातून ब्लॉकनं भरलेला ट्रक आत शिरला आणि त्याच्यापुढे यज्ञेश्वरराव!

"दिवाळीपर्यंत म्हणाला होतात!" मी ओरडलो.

"ठेकेदार आज मोकळा होता."

पण पुढे जाणार कसे? बायका तांब्यांसकट रस्त्यात उभ्या राहिल्या. "देवावर ब्लॉक घालता?" ड्रायव्हरनं पाटी वाचली, चपला काढल्या आणि ट्रक बंद केला. यज्ञेश्वरराव घामाघूम. ते सरळ माझ्याकडे वळले.

"आबा, पाटी तुमची. सगळ्यांसमोर खरं सांगा. इथे शंकर आहे की नाही?"

नाही म्हणावं तर माती जाते. हो म्हणावं तर देवाच्या नावानं खोटं. घसा असा कोरडा पडला की बाईच्या तांब्यातलं दूध प्यावंसं वाटलं.

"पाटीवर आहे... तेच आहे," मी पुटपुटलो.

"पाटी शुद्ध आहे," मागून प्रेमलाताई म्हणाल्या. "मी स्वतः तपासली आहे."

ट्रक परत गेला. मी सरुबाईला सगळं सांगितलं. तिनं मला दोन शब्द ऐकवले आणि मग स्वयंपाकघरातला वरवंटा नेऊन तुकड्याच्या पार कडेला, गटाराशेजारी उभा रोवला. "दूद हितं घाला गं बायांनो!" दूध वरवंट्यावर, गवत कोरडं. तेव्हापासून आमच्याकडे चटणी मिक्सरमध्ये होते आणि त्याबद्दल मला रोज ऐकावं लागतं.

वाटलं, संपलं एकदाचं. कसलं! पुढच्या सभेत ठराव आला: ब्लॉक रद्द, त्याऐवजी मंदिर. छप्पर, कठडा, आणि सगळ्या जागेवर ग्रॅनाइटची फरशी! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मोठ्यानं यज्ञेश्वररावांनी. आधी गाड्यांसाठी जाणारी माती आता देवासाठी चालली होती.

"फरशी नको!" मी पुन्हा उठलो.

"का हो, आबा?"

"हा... हा देव शेतातला आहे. ह्याला छप्पर सोसत नाही. ह्याला माती लागते. आणि गवत." बोलता बोलता माझा आवाज फुटला, आणि तेवढं मात्र खोटं नव्हतं. "अंगावर फरशी आली की गुदमरतो हो."

प्रेमलाताईंनी डोळे पुसले. ठरलं! ना छप्पर, ना फरशी, माती आहे तशी राहणार. कायमची!

मी इतका खूश झालो की शेवटचा ठराव नीट ऐकलाच नाही. यज्ञेश्वरराव म्हणत होते, "पण देव अंधारात कसा ठेवायचा?" मीही सगळ्यांबरोबर हात वर केला.

भाद्रपदात बी पिकलं. मी ते त्याच मातीत पेरलं. आणि काय सांगू! दिवाळीला असं दाट, मऊ, हिरवंगार गवत उभं राहिलं की अनवाणी पाय टाकायची लाज वाटावी. कादरभाईंना हात धरून आणलं. ते गुडघ्यांवर बसले, पातं चोळून पाहिलं, वास घेतला.

"आबा, कमाल केलीत! हे सावलीत आलं?"

"सावलीत!"

मग त्यांनी डोळे चोळले, कपाळावर आडवा हात धरला आणि वर पाहिलं. दोन्ही इमारतींच्या भिंतींवरून भक्तांनी लावलेले मोठमोठे हॅलोजन दिवे सकाळ-संध्याकाळ, दिवस-रात्र त्या तुकड्यावर आग ओकत होते. क्रिकेटच्या मैदानावर नसेल एवढा उजेड!

"आबा," कादरभाई हळूच म्हणाले, "सावली कुठाय?"

तेव्हा माझ्या गवताच्या परीक्षेचं एवढंच सांगतो: दिवे बंद करा म्हणायची माझी छाती नाही. दर गुरुवारी दुरुस्तीसाठी आमच्याकडची वीज जाते. बाकीची सोसायटी त्या दिवशी शिव्या देत जिने चढते. मी खाली गवतापाशी जाऊन बसतो. आठवड्यातून तेवढाच काय तो माझा प्रयोग चालतो!