सोपाननानाचे अकरा क्रिस

वारूळवाडीत सोपाननानाच्या घरात बसायचं तर आधी मोरीत साबणानं हात धुवायचे. मग नाना आलेल्याची बोटं उजेडात धरून तपासणार आणि मगच म्हणणार, "बस." घोटभर चहासाठी गेलेल्या माणसाचा जीव यातच अर्धा होतो.

याला कारण नानाचे क्रिस. नाना जहाजावर फिटर होता. इंडोनेशियाच्या बंदरांतून त्यानं हे नागमोडी पात्याचे खंजीर जमवले, गंजके, मोडक्या मुठींचे, मिळतील तसे. आता घरी बसून लिंबाच्या रसानं गंज काढतो, चंदनाचं तेल लावतो, सागाची म्यानं घडवतो. आमच्याकडं द्राक्षबागेचेही एवढे लाड होत नाहीत. त्याचे नियम दोनच. एक, टोक माणसाकडं करायचं नाही. दुसरा, पात्याला बोट लावायचं नाही. "घामाचं बोट लागलं की डाग पडला. लोखंड इसरत न्हाई, राव."

यंदा खंडेनवमीला मी मदतीला गेलो. सगळा गाव कोयते, पहारी, ट्रॅक्टर पुजतो, नाना क्रिस पुजतो. अकरापैकी दहा लखलखीत होते. अकरावा म्यानातून काढून पाटावर ठेवला, तर पातं गंजानं डागाळलेलं. म्हटलं, म्हाताऱ्याची नजर गेली. अर्धं लिंबू उचललं आणि पात्यावर धरलं.

"लिंबू खाली ठेव, सुभ्या."

दारात नाना. हातात उघडा क्रिस आणि टोक सरळ माझ्या छातीकडं. मी लिंबू होतं तिथंच धरलं. लिंबाच्या कडेला थेंब जमला होता. हात हलवला तरी पडणार, नाही हलवला तरी पडणार. नाना त्या थेंबाकडंच बघत होता. मी हळूच डावा तळवा खाली सरकवला. थेंब तळव्यावर पडला.

नाना पाटाजवळ बसला. क्रिस बाजूला ठेवला.

"मालन लोणचं घालत व्हती. मिठाच्या हातानं उचललं पातं. लई बोललो तिला. आठ दिस तिच्याशी अबोला धरला."

मालनकाकू, नानाची बायको, लोणच्याच्याच महिन्यात वारली, हे मला ठाऊक होतं. मी वाकून बघितलं. ते नुसते डाग नव्हते. चार बारीक बोटं होती आणि एक अंगठा.

"नाना, हा गंज पातं खाईल."

"ठावं हाय."

दहा पात्यांना त्यानं हळदकुंकू लावलं. अकराव्याच्या फक्त मुठीला लावलं. मग आपली जाडजूड बोटं त्या बोटांवर धरली, टेकवली नाहीत. बराच वेळ तशीच धरून बसला.