राघूच्या पायातली गाठ

एका जंगलात, सकाळी सहा वाजून बावीस मिनिटांनी, दोन राघू एकाच फांदीवर उतरले आणि दोघांनीही एकच वाक्य म्हटलं, "मला हौसाबाईंनी पाठवलंय."

तिथून सगळं सुरू झालं. जंगलात घड्याळ कुठून आलं, असं विचारू नका. गोष्टीत असतं ते.

आता हौसा कोण ते सांगते. हौसा म्हणजे भेकरीण. हरणापेक्षा लहान आणि हरणापेक्षा जास्त घाबरट. तिला नऊ दिवसांचं पिल्लू होतं, ठिपकी नावाचं. आणि आधीच सांगून टाकते, ठिपकीला शेवटपर्यंत काही होत नाही. नाहीतर तुम्ही जीव मुठीत धरून ऐकत बसाल आणि पेल्यातलं दूध तसंच राहील.

तर त्या जंगलात एक उंच सावरीचं झाड होतं. शेंड्यावर टेहळे आजोबा बसायचे. ते म्हातारे वानर. त्यांना वरून सगळं दिसायचं. वाघ कुठल्या नाल्यात झोपलाय, कोवळं गवत कुठे आलंय, कोणाचं पिल्लू कोणत्या जाळीत आहे. विचारलं की सांगायचे. नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही.

सकाळी वाघाची खबर घेतल्याशिवाय कोणी चरायला निघत नसे. पण जो तो सावरीपर्यंत चालत गेला, तर वाटेतच वाघ भेटायचा. म्हणून सगळे राघू पाठवायचे. एका पिकल्या बोरावर राघू तयार. त्याला वाक्य पढवायचं. तो जाऊन तेच म्हणायचा, उत्तर ऐकायचा आणि परत येऊन जसंच्या तसं बोलून दाखवायचा. स्वतःचं डोकं अजिबात चालवायचा नाही. म्हणूनच त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास.

बुंध्याशी साळोजी साळिंदर पहाऱ्याला असायचा. साळिंदर म्हणजे रात्रीचं जनावर. सकाळी त्याचे डोळे आपोआप मिटायचे. पण चुलत्याने चिकटवलेली नोकरी, सोडतो कशी?

तिथे एक रीत होती. लेकुरवाळीचा राघू आधी सोडायचा. आई चरल्याशिवाय दूध येत नाही आणि पिल्लू काही थांबत नाही, म्हणून.

रीत चांगली होती. त्यामुळे ती सगळ्यात आधी कोल्ह्याच्या लक्षात आली.

कोल्ह्याचं नाव गुलाबराव. कोण कुठे चरतंय ते वाघाला सांगायचं, आणि वाघाचं जेवण आटोपलं की उरलंसुरलं आपण खायचं, असा त्याचा संसार. त्याने शे-सव्वाशे राघू पाळले आणि सगळ्यांना पढवलं, "मला हौसाबाईंनी पाठवलंय."

राघू सगळे सारखे. हिरवं अंग, लाल चोच. ओळखायचं कसं?

त्या सकाळी हौसाच्या नावाने शेहेचाळीस राघू वर जाऊन आले. तिचा खरा राघू सत्तेचाळिसावा.

"बाईंनी आज शेहेचाळीस वेळा विचारलंय," साळोजी जांभई देत म्हणाला. "एवढी काळजी बरी नव्हे. उद्या ये."

त्या दिवशी हौसा चरायला गेली नाही. ठिपकी रिकामी आचळं चोखत राहिली.

दुसऱ्या दिवशी हौसा ठिपकीला करवंदीच्या जाळीत ठेवून स्वतःच आली. येताना अकरा वेळा मागे वळून पाहिलं.

"साळोजीभाऊ, मी एकच राघू पाठवते हो."

"वहिनी, तुमच्या नावाने अख्खा थवा येतो. मी काय एकेकाचं तोंड ओळखू?"

"मग मी आलेय की आता. मला तरी सांगा वाघ कुठे आहे ते."

"तुम्हीच हौसावहिनी कशावरून?" साळोजीने तिच्यापुढे नऊ पानं मांडली. "नवा नियम आहे. ज्या पानांवर अळी आहे, त्यांना नाक लावा."

हौसा वाकली. डोळे बारीक केले. "ही अळी आहे का पानाची शीर?"

"ते सांगायला परवानगी नाही."

तिने तीन पानांना नाक लावलं. चुकलं. पुन्हा नऊ पानं आली. पुन्हा चुकलं. शेजारी गुलाबरावाचे राघू टकाटक चोच लावून वर चालले होते. किडकं टाकून चांगलं निवडणं हा त्यांचा जन्माचा धंदा.

"तुम्ही भेकरीण आहात याची खात्री पटत नाही," साळोजी म्हणाला. "थोड्या वेळाने या."

हे सगळं वरच्या फांदीवरून सुगरणताई बघत होती. तिथे तिचं घरटं टांगलेलं. ती हसून हसून घरट्यातून पडायची बाकी होती.

"हौसे, तुला तोंडाने गवताची गाठ मारता येते ना?" ती म्हणाली. "मग तुझी अशी एक गाठ काढ, जी दुसऱ्या कोणाला जमणार नाही. तिचा नमुना इथे फांदीला टांग. बघू देत सगळे."

"बघून कोणी शिकलं म्हणजे?"

"माझं घरटं सगळं जंगल रोज बघतं. आलं का एकालाही?"

हौसाला ते पटलं.

"रोज सकाळी पानावर दातांनी प्रश्नाची खूण कर," सुगरणताई सांगू लागली. "पान दुमड. त्यावर तुझी गाठ मार, दवात बुडव आणि राघूच्या पायाला बांध. वाटेत कोणी प्रश्न बदलायला गेलं तर गाठ तुटणार. आणि दव वाळलं की गाठ शिळी. म्हणजे कालची चोरून आज चालायची नाही."

"आणि वरून उत्तर येईल त्याचं काय?"

"त्यालाही आजोबांची गाठ. बिनगाठीचं उत्तर आणलं तर कानात बोटं घालायची."

साळोजीला हे फार आवडलं. डोकं लावायला नको. नमुना बघायचा, गाठ बघायची, जुळली की सोडायचा.

मग काय, सगळं जंगल गाठी मारायला बसलं. अस्वलाने अशी गच्च मारली की राघूचा पाय सुजला. रानडुकराला आपलीच गाठ दुसऱ्यांदा येईना. ससे एकमेकांच्या गाठींना नावं ठेवू लागले. सावरीची खालची फांदी नमुन्यांनी लवली, अगदी लग्नघरासारखी दिसायला लागली. गुलाबरावाचे बिनगाठीचे राघू बाहेरच लटकले.

हौसा तीन दिवस पोटभर चरली. ठिपकीला दूध मिळालं. ती उड्या मारायला लागली आणि एकदा पडलीसुद्धा. लागलं नाही.

चौथ्या दिवशी गुलाबराव स्वतः आला. अंघोळ करून, शेपूट विंचरून.

"साळोजीराव, चुकलं आमचं," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या नावाने राघू पाठवणं शोभत नाही. हा घ्या माझा नमुना. मी कोल्हा. यापुढे माझे राघू माझ्याच नावाने येतील."

साळोजीने गाठ हातात घेतली. सात वेढे, एकसारखे. त्याचे डोळे भरून आले.

"इतक्या वर्षांत स्वतःहून खरं नाव सांगणारे तुम्ही पहिले."

एवढी सुबक गाठ तपासायला वेळ लागत नव्हता. म्हणून गुलाबरावाच्या राघूंना वेगळी वाट करून दिली, लेकुरवाळ्यांच्याही पुढची.

पाचव्या दिवशी कोरडं वारं पहाटेपासूनच सुटलं. हौसाचा राघू रांगेतून पुढे पोचेपर्यंत दव उडून गेलं.

"शिळी," साळोजी म्हणाला.

"मला हौसाबाईंनी पाठवलंय," राघू म्हणाला.

"शिळी म्हटलं ना."

नाही म्हटल्यावर काय करायचं, हे राघूला कोणी पढवलंच नव्हतं. तो तिथेच बसून राहिला.

तेवढ्यात वेगळ्या वाटेने गुलाबरावाचा राघू आला. पायात ओली, सात वेढ्यांची गाठ. साळोजीने मान डोलावली. राघू वर गेला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "हौसा भेकरीण पिल्लू कुठे लपवते?"

"नाल्यापलीकडे, करवंदीच्या जाळीत," टेहळे आजोबा म्हणाले आणि उत्तराला गाठ मारू लागले.

सुगरणताई घरट्यातून बाहेर आली. "अहो साळोजी, तो काय विचारतोय ऐकलंत का?"

"मी फक्त ओळख बघतो. प्रश्न बघणं माझ्याकडे नाही."

"आजोबा, तुम्ही कोणाला सांगताय?"

"मी फक्त प्रश्न बघतो, ताई. ओळख खाली बघतात."

हौसाच्या राघूला यातलं काही कळलं नाही. त्याला एवढंच ठाऊक, की उत्तर ऐकलं की घरी जायचं. उत्तर तर ऐकलं होतं. तो उडाला.

"नाल्यापलीकडे, करवंदीच्या जाळीत," तो हौसाला म्हणाला.

हौसाने त्याच्या पायाकडे पाहिलं. आजोबांची गाठ नव्हती.

"कोणी विचारलं होतं रे?"

"हौसा भेकरीण पिल्लू कुठे लपवते," राघू म्हणाला.

नियमाप्रमाणे तिने कानात बोटं घालायला हवी होती. तिने एकदा बिनगाठीच्या पायाकडे पाहिलं, एकदा ठिपकीकडे. मग ठिपकीला पुढे घातलं आणि जी धावत सुटली, ती थेट सावरीखाली येऊन थांबली. तिथे वानरं होती, सुगरण होती, आणि काटे फुलवलेला साळोजी होता. अख्ख्या जंगलात एवढी सुरक्षित जागा दुसरी नव्हती.

"गाठ?" साळोजीने विचारलं.

"मी आलेय ना, भाऊ."

"मग नऊ पानं आणतो."

"आणा," हौसा म्हणाली आणि त्याच्या काट्यांच्या मागे ठिपकीला दूध पाजत बसली.

तिकडे वाघाने करवंदीच्या जाळीत तोंड घातलं. नाकाला सतरा काटे टोचले. पुढे चार दिवस तो शिंकायचा, त्यामुळे कुठे आहे ते सगळ्यांना राघूशिवायच कळायचं.

मग सभा बसली. पहारा चोख निघाला. गाठी सुरू झाल्यापासून पाच दिवसांत एकही खोटा राघू वर गेला नव्हता. साळोजीला शाबासकी मिळाली. सगळ्यात सुबक आणि खरी गाठ म्हणून गुलाबरावाच्या गळ्यात झेंडूची माळ पडली. बिनगाठीचं उत्तर नेल्याबद्दल हौसाच्या राघूचं महिनाभराचं बोर बंद झालं.

हौसा त्याला रोज दोन देते. कोणाला सांगू नका.

तात्पर्य: मुलांनो, चोरी करायचीच झाली तर स्वतःच्या नावाने, सुबक सही करून करावी. रांगेत उभं राहावं लागत नाही, आणि माळही मिळते.

आणि ही गोष्ट ऐकून नुसते झोपू नका. पुढच्या घरी सांगा. जिथे पाळणा हलत असेल त्या घरी आधी सांगा. गाठ मारत बसू नका, दव वाळतं.