बाईसाहेब वेळेआधी बसल्या नाहीत, त्याची हकीकत

वाऱ्यास आणि वडील मंडळीस वंदन करून लिहिण्यास कारण की, केशकर्तनकलाधुरंधर, कात्री-कंगवा-बहाद्दर खासा बाईसाहेब, ज्यांचे ब्यूटी पार्लर चौकातील औषधांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आहे, त्यांनी पन्नाशी उंबऱ्यात येऊन उभी असता पाठीस इंजिन बांधोन आकाश काबीज करण्याची मसलत केली, ती कैसी केली, दोन वेळा शिकस्त कैसी खाल्ली आणि तिसरे खेपेस काय जाहले, याची हकीकत जो तो आपापल्या परीने सांगतो, सबब खरी ती येथे लिहोन ठेविली असे. यात बाईसाहेबांची थोरवी थोडी आणि फजिती फार. परंतु फजिती वगळली तर बखर पोस्टकार्डावर मावेल, तस्मात वगळली नाही.

यंत्राचे वर्णन ऐसे. त्यास पॅरामोटर म्हणतात. पाठीवर घ्यावयाचे इंजिन, त्यामागे पिंजऱ्यात फिरणारा पंखा, पट्ट्यांस जोडलेली बसावयाची गादी, आणि डोईवर उभारावयाचे लांबरुंद कापडी पंख, ज्यास दोऱ्या इतक्या की पाहणाऱ्यास घोर लागावा. हे यंत्र बाईसाहेबांनी शहराबाहेरील मैदानावर उड्डाण शिकविणारे मास्तर यांजकडोन जुने घेतले आणि मजुराकरवी घरी आणविले. घर दोन खोल्यांचे. मग जेवणाचे टेबल हटवोन गॅलरीत रवाना केले आणि त्या जागी यंत्राचा डेरा पडला, आणि तेव्हापासोन घरची मंडळी ताट मांडीवर घेऊन जेवू लागली.

त्या घरी सासूबाईंचा दरारा मोठा. त्या खोकल्या की शेजारचा टीव्ही आपसूक बारीक होई. त्यांनी यंत्राची पाहणी करून फर्माविले, “एवढा मोठा पंखा घरात आणलास, आणि वारा म्हणशील तर झुळूक नाही.”

यजमान लिफ्ट दुरुस्त करणारे. ज्यांचे उभे आयुष्य लोकांस वर पोचवोन सुखरूप खाली आणण्यात गेले, त्यांस ही मसलत मुळीच पसंत पडली नाही. ते म्हणाले, “वर नेणं सोपं असतं गं. आमची सगळी अक्कल खाली आणण्यात खर्च होते.”

बाईसाहेबांनी जबाब केला, “अहो, जन्मभर लोकांचे टाळू बघितले. एकदा या गावाचा टाळू बघायचाय मला. बस, एवढंच.”

“टाळूच बघायचा तर एवढं वर कशाला? माझा बघ,” ऐसे म्हणोन यजमानांनी मस्तक पुढे केले. त्यावर केस नावापुरते होते. बाईसाहेब हसल्या, परंतु मसलत मागे घेतली नाही.

आता पराभवाचे मूळ सांगतो. पार्लरात खुर्ची असते ती गिऱ्हाइकाची; बाईसाहेब दिवसभर उभ्या. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये खुर्ची घडीभर रिकामी जाहली आणि तिची कड गुडघ्यांमागे लागली की पाय आपोआप मुडपत आणि बाईसाहेब बसत. ही आदत वर्षानुवर्षांची, हाडांत मुरलेली. आणि पॅरामोटरची रीत नेमकी उलट. पंख डोईवर आला, इंजिनाने जोर धरला की पळत सुटावे, आणि पळता पळता गादी मांड्यांस येऊन लागते, परंतु पंखाने अजोन भार उचलिलेला नसतो. तेव्हा पळणाऱ्याने पळतच राहावे. जो तेथे बसला तो मातीतच बसला.

पहिल्या मोहिमेत गादी लागली आणि बाईसाहेब बसल्या. पिंजरा जमिनीस टेकला, पंख्याचे एक पाते मोडोन कामास आले आणि फौज माघारी फिरली. दुसऱ्या मोहिमेत मास्तरांनी बसू नका म्हणोन हजार वेळा बजाविले, बाईसाहेबांनीही आणभाक घेतली, आणि गादी लागताच पुन्हा बसल्या. इंजिन पुढे रेटीत होते, सबब त्या बसल्या बसल्या गवतातोन दूरवर घसटत गेल्या आणि मागे मैदानात सरळ रेघ उमटली. मास्तर धावत आले, हाडे शाबूत आहेत ऐसी खातरजमा केली, मग रेघेकडे पाहोन म्हणाले, “ताई, आपण उडायला शिकतोय. नांगरणी नंतर कधीतरी.”

या नामुष्कीवर घरी दरबार भरला आणि सासूबाईंच्या खाटेपाशी चहाच्या साक्षीने तह जाहला. कलम ऐसे की, आणखी एक मोहीम करावी. पाय जमीन सोडण्याआधी बाईसाहेब बसल्या तर यंत्र मास्तरांकडे परत जावे आणि टेबल आपल्या जागी यावे. न बसता वर जाऊन धडधाकट खाली आल्या तर यंत्र राहावे आणि टेबलाचे नाव कोणी काढू नये. यजमानांनी तोंडी मान्य केले. बाईसाहेबांनीही केले, परंतु त्या रात्री त्यांस घास गोड लागला नाही, कारण आपल्या गुडघ्यांचा भरवसा त्यांस स्वतःसच नव्हता.

मग कवायत सुरू जाहली. बाईसाहेब स्वयंपाकघरात कांदा चिरीत उभ्या असता मागोन गुपचूप खुर्ची सरकवावी आणि त्यांनी बसू नये, ऐसा बेत ठरला. खुर्ची सरकविण्याचे काम सासूबाईंनी, मसलत नापसंत असोनही, मोठ्या उत्साहाने पत्करले. खुर्ची येई आणि बाईसाहेब बसत. पुन्हा येई, पुन्हा बसत. “कांदा तरी सोडून बस,” सासूबाई म्हणाल्या. एकदा तर सासूबाईंनी नुसती चाहूल दिली, खुर्ची आणिलीच नाही, आणि बाईसाहेब फरशीवर आल्या. त्या प्रसंगी उभयतां इतक्या हसल्या की यजमान दुसऱ्या खोलीतोन कुमकेस धावले.

तिसऱ्या मोहिमेचा दिवस उजाडला. मैदानावर दव होते. यजमानांनी घडीची खुर्ची बरोबर घेतली होती. दोन्ही पराभवांनंतर बाईसाहेबांस तीवरच बसवोन पाणी दिले होते. बाईसाहेबांनी खुर्चीकडे पाहिले आणि तिजकडे पाठ केली. मास्तरांनी पंख पाठीमागे कमानीसारखा पसरविला, दोरी न् दोरी सुटी केली, पेट्रोल पाहिले, आणीबाणीच्या हवाई छत्रीची पिन पाहिली. पट्ट्यांचे बक्कल मास्तरांनी तपासले, त्यावर यजमान पुढे येऊन तेच बक्कल पुन्हा ओढोन पाहते जाहले, आणि मग आणखी एकदा.

“माझ्यावर विश्वास नाही का, साहेब?” मास्तर म्हणाले.

“आहे हो. लिफ्टवर पण असतो. तरी बघतोच.”

इतकियात वाऱ्याचे निशाण फिरले आणि वारा पाठीकडोन येऊ लागला. पाठचा वारा घेऊन निघणे म्हणजे दगा. मास्तरांनी थांबण्याचा हुकूम केला. इंजिनाचे ओझे पाठीवर, हेल्मेटात घाम. परंतु बाईसाहेब हूं की चूं न करता थांबल्या. मग निशाण वळले, हुकूम आला आणि त्या पळाल्या. पंख उठला, परंतु एका अंगास कलला. इंजिन तसेच रेटावे की काय, ऐसा मोह जाहला, कारण डोळ्यांपुढे घरात परत येणारे टेबल दिसत होते. परंतु वाकड्या पंखासंगे जाणारा वाकडाच पडतो, हे मास्तरांनी शिकविले होते, सबब बाईसाहेबांनी इंजिन बंद केले आणि थांबल्या. पंख मागे गळोन पडला.

यजमान खुर्ची घेऊन आले. “झालं? हरलीस का?”

“बसल्या कुठे?” मास्तर म्हणाले. “उभ्या आहेत की.”

यजमानांनी बायकोचे गुडघे निरखून पाहिले. ते सरळ होते. “मान्य,” ऐसे म्हणोन त्यांनी खुर्ची गवतात ठेविली आणि स्वतः वाकोन मास्तरांसंगे दोऱ्या सोडवू लागले. शत्रुपक्षाने ऐन समरांगणी कुमक केल्याचा हा प्रसंग विरळा, म्हणोन लिहिला.

मग पुन्हा धाव. पंख सरळ उठला आणि डोईवर येऊन उभा राहिला. इंजिनाने जोर धरला. कानाशी रेडिओत मास्तर गरजत होते, “पळा ताई, पळा, पळा.” आणि गादी आली. मांड्यांमागे मऊ लागली. गुडघे, बेइमान, मुडपू लागले. तेव्हा बाईसाहेबांनी वर पाहिले. वर तो पंख असा ताणोन उभा होता जैसे अर्धे केस कापलेले गिऱ्हाईक आरशात आपणांकडे पाहात असावे, आणि अर्धे डोके सोडोन आजवर त्या कधी बसल्या नव्हत्या. पाय सुजले तरी नव्हत्या, ताप असता नव्हत्या. मग गुडघे सरळ जाहले. बाईसाहेब पळाल्या, आणि पळाल्या, आणि खाली जमीन राहिली नाही तरी पळतच होत्या, कारण ही खबर पायांस उशिरा पोचली.

“ताई, आता बसा.”

“नक्की?”

“बसा हो. पाय कशाला झाडताय?”

मग बाईसाहेब गादीवर बसल्या. मास्तरांच्या हुकुमाप्रमाणे सरळ चढल्या, जमिनीजवळ वळण घेतले नाही, विजेच्या तारा दूर ठेविल्या, आणि इंजिन बंद पडले तरी परत येता यावे इतके मैदान नजरेत राखिले. मग खाली पाहिले. गाव पसरले होते. मोठा रस्ता मधोमध भांगासारखा गेला होता, दोन्ही बाजूंस घरे दाट आणि कोठे कोठे विरळ, आणि तलावाकडचा भाग कोणी घाईत कापल्यासारखा. आणि मैदानात खुर्चीशेजारी एक टाळू उन्हात चमकत होता. तो बाईसाहेबांनी इतक्या वरोन ओळखिला. रेडिओवर मास्तरांस नाक ओढल्याचा आवाज आला, तो त्यांनी वारा समजोन सोडोन दिला.

उतरण्याचा प्रसंग कठीण, कारण जन्मात प्रथमच निवांत खुर्ची मिळाली होती आणि ती सोडोन उठावयाचे होते. परंतु उठल्या. वाऱ्यास तोंड दिले, इंजिन बंद केले, पाय खाली सोडले, आणि जमीन अंगावर येता पंखास लगाम घालणाऱ्या दोऱ्यांच्या दोन्ही मुठी खाली खेचल्या, आणि पाय टेकताच धावल्या, आणि थांबल्या. उभ्या थांबल्या.

यजमान खुर्ची घेऊन धावत आले. त्यांनी ती बाईसाहेबांपुढे उघडली, आणि स्वतःच तीत बसले. मास्तरांनी मागे येऊन इंजिन उतरविले. बाईसाहेब खुर्चीच्या मागे गेल्या, जैसे रोज गिऱ्हाइकाच्या मागे जातात, आणि यजमानांचे नावापुरते केस वाऱ्याने विसकटले होते ते बोटांनी सारखे केले.

“वरून बरं दिसत होतं,” त्या म्हणाल्या.

“गाव?”

“तेही.”

येणेप्रमाणे फत्ते जाहली. यंत्र आपल्या जागी कायम, टेबल गॅलरीत कायम, आणि सासूबाईंनी ताट मांडीवर घेत फर्माविले की आता निदान त्या पिंजऱ्यावर टॉवेल तरी वाळत घालू द्या. ते मंजूर जाहले. खासा बाईसाहेब त्या दिवशी वेळेआधी बसल्या नाहीत. यजमान बसले. जे घडले ते लिहिले, पुढील मंडळीस दाखला असावा.